दोन वह्या

बेळ्ळंदूरच्या आमच्या सोसायटीला दोन फाटकं आहेत. मोठं फाटक रस्त्याकडे उघडतं आणि तिथे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीची नोंद होते. मागचं फाटक लहान आहे. त्यातून घरकामाच्या बायका, माळी, सुतार, दूधवाले ये-जा करतात. २०१८ साली त्या फाटकापलीकडे एका नव्या इमारतीचं काम चालू होतं आणि कामगारांची पत्र्याची नि ताडपत्रीची खोपटी होती. डिसेंबरातल्या एका संध्याकाळी मी फिरून परत येत होते, तर त्या फाटकाशी चार-पाच वर्षांची एक मुलगी एकटीच उभी होती. पायात चप्पल नव्हती. रडून रडून आवाज बसला होता.

वॉचमन ओडिशाचा. त्याने हिंदीत विचारलं, कोणी इंग्रजीत विचारलं, कोणी तमिळमध्ये. ती एकच शब्द म्हणत होती, "अव्वा". इथे आजूबाजूची मुलं आईला 'अम्मा' म्हणतात. 'अव्वा' हा माझ्या कानावर लहानपणापासूनचा शब्द. मी सोलापूरची. आमच्या वाड्यात निम्म्या घरांत कानडी बोलत आणि माझी आजी तिच्या आईची आठवण काढताना 'अव्वा'च म्हणत असे. मी खाली बसून माझ्या मोडक्या सोलापुरी कानडीत विचारलं, "निन्न हेसर एन?" तुझं नाव काय? तिने नाव सांगितलं. घर कुठे, तर म्हणाली, निळं. निळ्या ताडपत्रीचं. बेळ्ळंदूरच्या आसपास त्या काळात निळ्या ताडपत्रीची शेकडो घरं होती.

तोवर कोणीतरी तिचा फोटो काढून सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता. मी १०९८ फिरवला. पलीकडच्या मुलीने वय, भाषा आणि कुठे लागलंय का एवढं विचारलं आणि मग म्हणाली, "मॅडम, फोटो टाकला असेल तर आधी काढायला सांगा." मला ते चमत्कारिक वाटलं. मूल हरवलंय आणि फोटो काढून टाकायचा?

पुढची हकीकत थोडक्यात सांगते. पाऊण तासात संस्थेचा एक कार्यकर्ता आणि पोलीस आले. मुलीची आई कलबुर्गीकडची, बांधकामावर काम करणारी. ती मुलीला उलट्या दिशेने शोधत गेली होती आणि दुसऱ्याच हद्दीतल्या पोलीस ठाण्यात पोचली होती. तिथे तिला सांगण्यात आलं की मूल इकडेतिकडे खेळत असेल, सकाळपर्यंत आलं नाही तर या. त्या कार्यकर्त्याने ओळीने पाच ठाण्यांना फोन लावले, तेव्हा कुठे ती बाई सापडली. रात्री अकराला ती आली. तरीही मुलगी त्या रात्री तिच्या हवाली झाली नाही. बालकल्याण समितीसमोर नेल्याशिवाय तसं करता येत नाही असं कार्यकर्ता सांगत होता, आई ओरडून विचारत होती की माझं मूल मला का देत नाही, आणि मधे मी दुभाषी. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी आईला मिळाली.

त्या रात्री मला झोप आली नाही. एकाच वेळी, एकाच मुलाच्या बाबतीत, एका ठिकाणी 'मूल सापडलं' अशी नोंद झाली होती आणि दीड-दोन मैलांवर 'मूल हरवलं' ही नोंद व्हायचीच राहिली होती. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे कुठलीही गोष्ट 'हे असं केव्हापासून आहे' या प्रश्नाशिवाय मला कळत नाही. हा प्रश्न मात्र माझ्यापाशी आणखी जुना होता.

१९७३चा उन्हाळा. दुष्काळाचं वर्ष. आमच्या शेजारच्या काकूंचा धाकटा, बारा वर्षांचा, निकालाच्या दिवशी घरातून गेला तो परत आला नाही. कोणी म्हणालं स्टेशनवर मद्रासहून येणाऱ्या गाडीत चढताना पाहिला. म्हणजे मुंबईला. काका पोलिसांत गेले. तिथे एका वहीत एक ओळ लिहिली गेली: नाव, वय, रंग, अंगावरचे कपडे. काका पुन्हा पुन्हा जात आणि ती ओळ तशीच असे. मग त्यांनी वर्तमानपत्रात जाहिरात दिली, त्या काळी सगळे देत तशी. जिथे असशील तिथून निघून ये, कोणी रागावणार नाही, आईने अंथरूण धरलं आहे. पुढे वाड्यात टीव्ही आला. मुंबई दूरदर्शनवर 'आपण यांना पाहिलंत का?' लागलं की काकू हातातलं काम टाकून समोर येऊन बसत. दुसऱ्यांच्या हरवलेल्या माणसांचे फोटो एकामागून एक येत आणि त्या प्रत्येकाकडे निरखून पाहत. त्यांच्या मुलाचा फोटो त्या कार्यक्रमात कधी गेलाच नव्हता, हे त्यांनाही माहीत होतं.

बेळ्ळंदूरच्या त्या रात्रीनंतर मी मुलांविषयीचे जुने कायदे वाचायला घेतले. एक गोष्ट लवकरच लक्षात आली. सापडलेल्या मुलाचं काय करायचं याविषयी आपल्याकडे पावणेदोनशे वर्षं कायदे होत आले आहेत. हरवलेलं मूल शोधायचं कोणी, याविषयी मात्र फार उशिरापर्यंत काहीच नव्हतं.

सापडलेल्या मुलाची वही १८५०मध्ये उघडते. त्या वर्षीच्या एकोणिसाव्या कायद्याने अनाथ आणि गरीब मुलांना कारागिराच्या हाताखाली बांधून देण्याची सोय केली. १८५७मध्ये मुंबईत डेव्हिड ससूनच्या देणगीतून मुलांची सुधारशाळा निघाली. १८७६मध्ये आणि पुन्हा १८९७मध्ये सुधारशाळांचे कायदे झाले. या सगळ्यात रस्त्यावर दिसणारं मूल म्हणजे उद्याचा चोर, ही समजूत आहे. विसाव्या शतकात सूर जरा मवाळ झाला. मद्रासने १९२०मध्ये, बंगालने १९२२मध्ये आणि मुंबईने १९२४मध्ये मुलांसाठी स्वतंत्र कायदा केला. मुंबईत त्याच्या अंमलबजावणीसाठी १९२७मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली आणि डोंगरी-उमरखाडीच्या जुन्या तुरुंगात मुलांना ठेवण्याची व्यवस्था झाली. टिळक-आगरकरांनी १८८२मध्ये एकशे एक दिवस काढले तो डोंगरीचा तुरुंग. भिंती त्याच राहिल्या, आत मुलं आली.

मुंबई राज्याने १९४८मध्ये हा कायदा नव्याने केला. १९८६मध्ये शीला बर्से यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांत ठेवलेल्या मुलांविषयी सरकारांना खडसावलं आणि देशभर एकच कायदा असावा असं म्हटलं. त्याच वर्षी पहिला अखिल भारतीय बाल न्याय कायदा आला. त्यात भीक मागणारं, घर नसलेलं, पालक नसलेलं मूल 'उपेक्षित' ठरवलं होतं. २०००च्या कायद्याने शब्द बदलला आणि 'काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक' म्हटलं. हरवलेलं किंवा पळून आलेलं मूलही त्या व्याख्येत आलं, पण ते सापडल्यानंतर. कोणीतरी हात धरून त्याला समितीसमोर उभं केलं म्हणजे कायदा सुरू होणार. ते अजून गर्दीत, गाडीत किंवा कोणाच्या बंद घरात असेल तर या कायद्याच्या लेखी ते नव्हतंच.

आता दुसरी वही. ती पोलिसांची आणि तिचं कोडं साधं आहे. माझी सायकल चोरीला गेली तर चोरी हा दखलपात्र गुन्हा. पोलिसांना गुन्हा नोंदवावा लागतो आणि तपास करावा लागतो. मूल नाहीसं झालं तर? नाहीसं होणं हा गुन्हा नाही. अपहरण हा गुन्हा आहे, १८६०च्या दंड संहितेपासून तो आहे, पण अपहरण झालं हे आईबापांनी दाखवायला हवं. ते दाखवता येत नसेल तर उरते ती 'मिसिंग'ची नोंद. काकांनी पाहिलेली ती एक ओळ. त्या ओळीमागे तपासाची सक्ती नव्हती.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत १९७९मध्ये न्यूयॉर्कचा सहा वर्षांचा इटन पॅट्झ शाळेच्या बसकडे जाताना नाहीसा झाला. १९८१मध्ये फ्लोरिडात ॲडम वॉल्श या मुलाचा दुकानातून अपहरण होऊन खून झाला. तेव्हा तिथल्या पालकांच्या ध्यानात आलं की पोलिसांच्या राष्ट्रीय संगणकात चोरीच्या मोटारींची माहिती नेमाने जाते आणि हरवलेल्या मुलांची जाईलच याची खात्री नाही. त्यातून १९८२चा हरवलेल्या मुलांचा कायदा झाला. १९८४च्या दुसऱ्या कायद्याने हरवलेल्या व शोषित मुलांसाठीच्या राष्ट्रीय केंद्राला सरकारी पैसा मिळण्याची वाट झाली. दुधाच्या खोक्यांवर मुलांचे फोटो छापले गेले ते याच वर्षांत. अमेरिकेच्या कायद्यात मला महत्त्वाचं वाटतं ते एवढंच की त्यांनी 'हरवलेली' आणि 'शोषित' हे दोन शब्द एका नावात बांधले. मूल का हरवतं, या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा दुसऱ्या शब्दात असतं.

आपल्याकडे २००२मध्ये होरीलाल विरुद्ध दिल्लीचे पोलीस आयुक्त या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हरवलेल्या अल्पवयीन मुलींच्या शोधाविषयी सूचना दिल्या: फोटो प्रसिद्ध करा, शेजारी, शाळा, मैत्रिणींकडे चौकशी करा. सूचना कागदावर राहिल्या. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तस्करीचा जो अभ्यास करवून घेतला, त्यात वर्षाला सरासरी ४४,००० मुलं हरवल्याच्या तक्रारी होतात आणि त्यांतली सुमारे ११,००० मुलं सापडतच नाहीत, असा आकडा पुढे आला. मग डिसेंबर २००६मध्ये नोएडाजवळच्या निठारीत एका बंगल्यामागच्या नाल्यात मुलांचे सांगाडे सापडले. त्या वस्तीतले आईबाप जवळजवळ दोन वर्षं पोलिसांकडे हेलपाटे घालत होते. ते घरकाम करणारे, रिक्षा ओढणारे लोक होते. तुमची मुलगी पळून गेली असेल, असं त्यांना ऐकवलं जाई. पुढे फाशीच्या शिक्षा झाल्या आणि २०२३मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने तपासावर ताशेरे ओढत आरोपींना निर्दोष सोडलं. आधी शोध झाला नाही आणि मग तपासही टिकला नाही. त्या आईबापांच्या हाती शेवटी काय आलं?

निठारीनंतर मानवी हक्क आयोगाने हरवलेल्या मुलांवर वेगळा अहवाल दिला. २०१२मध्ये बचपन बचाओ आंदोलनाने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि १० मे २०१३ रोजी सरन्यायाधीश अल्तमस कबीर यांच्या खंडपीठाने जो आदेश दिला, तो मी या सगळ्या इतिहासातला उंबरठा मानते. अठरा वर्षांखालच्या व्यक्तीचा ठावठिकाणा पालकांना माहीत नसेल, तर कारण काहीही असो, ते हरवलेलं मूल. तक्रार आली की गुन्हा नोंदवायचा. हे अपहरण किंवा तस्करी आहे असं धरूनच सुरुवात करायची. नाही, हे नंतर सिद्ध होईल. चार महिन्यांत मूल सापडलं नाही तर प्रकरण मानवी तस्करीविरोधी पथकाकडे द्यायचं. १८६०पासून जे ओझं आईबापांच्या डोक्यावर होतं, ते त्या दिवशी उचलून पोलिसांच्या डोक्यावर ठेवलं गेलं. अपहरणाच्या गुन्ह्यांचे आकडे त्यानंतर फुगले, त्यामागे हेही एक कारण आहे. मुलं एकदम जास्त हरवू लागली असं नव्हे. जी ओळ होती तिचा गुन्हा झाला. बेळ्ळंदूरच्या त्या बाईला 'सकाळी या' सांगणाऱ्या शिपायाच्या मागे साडेपाच वर्षांपूर्वीचा हा आदेश उभा होता. तो त्याच्यापर्यंत पोचला नव्हता, किंवा पोचून सवयीला हरला होता.

२०१५च्या बाल न्याय कायद्याने पहिली वहीही कडक केली. एकटं मूल दिसलं तर कोणीही, मी किंवा आमचा वॉचमनसुद्धा, चोवीस तासांच्या आत कळवलंच पाहिजे. न कळवणं हा गुन्हा. सापडलेल्या मुलाचं नाव, गाव, चेहरा प्रसिद्ध करता येत नाही. १०९८वरच्या त्या मुलीने फोटो काढायला का सांगितलं ते इथे मला कळलं. हरवलेल्या मुलाचा चेहरा सगळ्यांना दिसायला हवा आणि सापडलेल्या मुलाचा कोणालाच दिसता कामा नये, नाहीतर 'मी याचा मामा' म्हणत भलताच माणूस दारात येईल. त्या आईला एक रात्र थांबावं लागलं तेही याचसाठी. तिचा आक्रोश खरा होता आणि नियमही खरा होता.

याच कायद्यात दत्तकाविषयी एक कलम आहे. समितीपुढे आलेल्या दोन वर्षांवरच्या मुलाचे आईबाप चार महिन्यांत सापडले नाहीत, तर ते मूल दत्तक देण्यास मोकळं ठरवता येतं. हे वाचताना मी थबकले. चार महिने. पोलिसांच्या वहीतही चार महिनेच. म्हणजे एका ठाण्यात हरवलेल्या मुलाचे चार महिने मोजले जात असतात आणि दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या भाषेत, त्याच मुलाचे 'पालक सापडत नाहीत' म्हणून चार महिने मोजले जात असतात. दोन्हीकडची माणसं कदाचित प्रामाणिक असतील. दोन्ही वह्या नीट लिहिलेल्या असतील. त्या एकमेकींना भेटल्या नाहीत तर एका आईचं मूल कायदेशीररीत्या दुसऱ्या कोणाचं होऊ शकतं.

हे नुसतं डोक्यात रचलेलं भय नाही. २०१८च्या एप्रिलमध्ये दिल्ली पोलिसांनी चेहरा ओळखणारं तंत्र वापरून बालगृहांतल्या सुमारे ४५,००० मुलांचे चेहरे हरवलेल्यांच्या फोटोंशी ताडून पाहिले. चार दिवसांत जवळजवळ तीन हजार मुलांची ओळख पटल्याचं दिल्ली उच्च न्यायालयात सांगण्यात आलं. पुढे याच तंत्राच्या अचूकतेवर त्याच न्यायालयात प्रश्न उभे राहिले, म्हणून आकडा जपूनच घ्यावा. पण आकडा कमी धरला तरी मुद्दा उरतोच. ती मुलं हरवलेली नव्हती. ती सरकारच्याच छपराखाली होती.

संगणक हवाच, पण तो एकटा पुरत नाही. बेळ्ळंदूरला हे सांगायला नको. शहरात विलीन होण्यापूर्वीची इथली ग्रामपंचायत मालमत्ता कराच्या नोंदी संगणकावर नेणाऱ्या देशातल्या सुरुवातीच्या पंचायतींपैकी होती. कोणत्या घराचा किती कर, हे बटण दाबताच दिसे. पण निळ्या ताडपत्रीला कर नसतो, म्हणून नोंदही नसते. हरवलेल्या मुलांसाठी 'ट्रॅकचाइल्ड' हे संकेतस्थळ झालं, २०१५मध्ये 'खोया-पाया' आलं. त्यात नाव भरायचं ते कोणत्या भाषेत ऐकून? यादगीरची मुलगी आपलं नाव जसं उच्चारते तसं बेंगळुरूचा हवालदार लिहील का आणि ती मुंबईत सापडली तर तिथला लिहील का? मूल गावाचं नाव सांगत नाही, 'आमचं गाव' म्हणतं. आईचं नाव सांगत नाही, 'अव्वा' म्हणतं. त्या शब्दात पत्ता असतो, पण तो वाचायला माणूस लागतो.

तो माणूस पुरवण्याचं काम १०९८ने केलं. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत शिकवणाऱ्या जेरू बिलिमोरिया यांनी १९९६मध्ये हा उपक्रम सुरू केला. रस्त्यावरची मुलं रात्री-अपरात्री त्यांना फोन करत, त्यातून कल्पना निघाली. 'दस-नऊ-आठ' हा उलटा उतरणारा क्रम मुलांच्या सहज लक्षात राहतो. पुढे केंद्र सरकारने पैसा दिला, शहराशहरांत स्थानिक संस्था जोडल्या गेल्या आणि २०१५च्या कायद्यात या सेवेला नावानिशी जागा मिळाली. क्रम उलटा होता: आधी फोन आणि मग कायदा. बेंगळुरूतही बॉस्कोसारखी संस्था १९८०पासून रस्त्यावरच्या आणि स्टेशनवर उतरणाऱ्या मुलांत काम करत होती, तेव्हा तिच्या पाठीशी असा कायदा नव्हता.

इथल्या उंच इमारतींविषयीही लिहिणं भाग आहे. हरवलेलं मूल नेहमी फाटकाबाहेरच असतं असं नाही. १० ऑक्टोबर २००६पासून चौदा वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवायला बंदी आहे. तरी अकरा-बारा वर्षांची मुलगी बाळाची ढकलगाडी घेऊन लिफ्टमध्ये दिसते. विचारलं तर 'आमच्या गावाकडची आहे, शाळेत घालणार आहोत' असं उत्तर येतं. तिचे आईबाप तक्रार करत नाहीत, कारण त्यांनीच पाठवलेलं असतं. पहिल्या वहीत ती नाही, दुसऱ्याही नाही. १०९८ तिच्यासाठीही आहे, पण तो फिरवायला शेजाऱ्याने शेजाऱ्याशी वाकडं घ्यावं लागतं. मी एकदा घेतलं आणि एकदा घेतलं नाही. न घेतलेल्या वेळेची मुलगी मला अजून लिफ्टमध्ये दिसते.

मुंबईत अंधेरीच्या डी. एन. नगर पोलीस ठाण्यात राजेंद्र भोसले नावाचे सहायक उपनिरीक्षक होते. २००८ ते २०१५ या काळात त्या ठाण्यात हरवल्याची नोंद झालेल्या १६६ मुलींपैकी १६५ मुलींचा माग लागला. राहिली एक, २०१३च्या जानेवारीत शाळेत जाताना नाहीशी झालेली. भोसले २०१५मध्ये निवृत्त झाले, पण तिचा फोटो जवळ बाळगून शोधत राहिले. ऑगस्ट २०२२मध्ये ती घरी परतली. घरापासून एक किलोमीटरच्याही आत होती, नऊ वर्षं. शेवटी तिने स्वतःच घरकामाच्या ठिकाणी एका बाईला आपली कहाणी सांगितली, त्या बाईने इंटरनेटवर जुनी पत्रकं शोधली आणि त्यांवरच्या नंबरला फोन केला. म्हणजे इथेही ठाण्याची वही आणि ती मुलगी यांना जोडलं ते एका ऐकून घेणाऱ्या बाईने. पण फोन कोणाला करायचा हे तिला कळलं, कारण कोणीतरी शोध चालू ठेवला होता आणि पत्रकं लावली होती.

मिशन वात्सल्य या २०२२च्या योजनेनंतर १०९८ची सेवा संस्थांकडून काढून टप्प्याटप्प्याने राज्य सरकारांकडे गेली आणि ११२ या तातडीच्या नंबराशी जोडली गेली. एक बाजू अशी की मुलं शोधणं ही सरकारची जबाबदारी आहे आणि सरकारनेच ती अंगावर घेतली हे उत्तम. दोन वह्या एका छताखाली आल्या तर भेटण्याची शक्यता वाढते. दुसरी बाजू मी त्या रात्री पाहिली. पाच ठाण्यांना फोन लावणाऱ्या त्या कार्यकर्त्याला कोणत्या ठाण्यात कोण ऐकून घेतं हे ठाऊक होतं, कलबुर्गीकडचे कामगार कोणत्या कंत्राटदाराकडे आहेत हे ठाऊक होतं. ही माहिती कुठल्याच वहीत नव्हती, ती त्याच्या पायांत होती. सरकारी खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या पायांत ती येईल का, यावर ही व्यवस्था तरेल की नाही ते ठरणार आहे.

ते खोपट आता नाही. इमारत झाली, कामगार पुढे गेले. २०२०च्या जानेवारीत जवळच्या करियम्मन अग्रहारात स्थलांतरित मजुरांची घरं पाडली गेली आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, तेव्हा मला त्या मुलीची आठवण झाली. तिला घर रंगावरून ओळखता येत होतं. रंगच उचलून नेला तर?

मागच्या वर्षी सोलापूरला गेले होते. काकू जाऊन बरीच वर्षं झाली. शेवटपर्यंत त्या रात्री दाराला कडी लावत नसत, नुसतं लोटून ठेवत. मी त्यांच्या सुनेला सहज विचारलं, पोलिसांत दिलेल्या तक्रारीचा काही कागद आहे का? ती म्हणाली, कागद कुठला, तोंडीच लिहून घेतलं होतं.

मुंबईच्या स्टेशनवर एकटा उतरलेला बारा वर्षांचा मुलगा १९७३मध्ये पोलिसांच्या हाती लागला असता, तर १९४८च्या कायद्याप्रमाणे त्याला बहुधा डोंगरीला नेलं असतं. तिथे त्याचं नाव लिहिलं गेलं असतं. निकालाच्या भीतीने घर सोडलेला मुलगा. त्याने गाव खरं सांगितलं असतं की खोटं, सांगता येत नाही. तो तिथे पोचला होता की नाही हे मला माहीत नाही आणि आता कळणारही नाही. पण पोचला असता तरी डोंगरीच्या वहीतली ती ओळ सोलापूरच्या वहीतल्या ओळीशी जुळवून पाहणं हे तेव्हा कोणाचंच काम नव्हतं. आज ते काम आहे, कायद्याने ते नेमून दिलं आहे. काकूंच्या दाराची कडी आठवली की मला एवढंच वाटतं, की पुन्हा कोणी आई ठाण्यात आली आणि समोरचा माणूस 'सकाळी या' म्हणाला, तर तिथे उभ्या असलेल्या कोणीतरी त्याला सांगावं, आज, आत्ता लिहा. आणि लिहून झालं की पलीकडच्या ठाण्याला फोन लावा.